अंड्यांवर घातलेले नंबर

मला दुपारी झोप येत नाही. जेवण झालं, ओटा पुसला, कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं की तुमचे आजोबा पाच मिनिटांत घोरायला लागतात आणि मी घरभर फिरत राहते. पस्तीस वर्षं शाळेत घंटेवर उठबस केली. आता घंटा नाही, तरी चाळीस मिनिटं झाली की पाय आपोआप उठतात. उज्जैनच्या उन्हाळ्यात अकरा ते पाच दारं-खिडक्या लावून बसावं लागतं. बाहेर भाजणारी लू, आत मी. कपाटं लावून होतात, मग लावलेली कपाटं परत लावून होतात.

म्हणून तुमचा बाबा दिवाळीला आला तेव्हा त्याचा जुना कॅमेरा इथे ठेवून गेला. "आई, कपाटांना जरा सुट्टी दे," म्हणाला.

गेल्या वर्षी चैत्रात मी सुरुवात केली. रोज एक फोटो, आणि तो वहीत नोंदायचा. वहीत पाच रकाने आखले: क्रमांक, वार, वेळ, जागा, शेरा. पहिला आला विजेच्या खांबावर टुक टुक करत बसणारा तांबट. मग स्विचबोर्डाच्या कोपऱ्यात मातीचं घर बांधणारी कुंभारीण माशी. लिंबाच्या पानावर पक्ष्याची शीट पडली आहे असं समजून मी फडकं आणायला गेले, परत येते तर शीट दोन बोटं पुढे सरकलेली. ती अळी होती. भैरवगढला छापील चादरी घ्यायला गेले तेव्हा नदीकाठी वाळत घातलेल्या लाल कापडावर एक चतुर मिळाला, तो माझा त्या महिन्यातला सगळ्यात चांगला फोटो. आजोबा वहीत डोकावून म्हणाले, "पक्ष्यांची हजेरी घेतेयस? गैरहजर राहिला तर पालकांना चिठ्ठी पाठव."

फोटो मी सकाळी साडेसातला पाठवायची, कारण तेव्हा तुमच्याकडे रात्रीची जेवणं चाललेली असतात. दादा अंगठा पाठवायचा. आणि छोटी, तू स्क्रीनच्या मागून पळत जाताना ओरडायचीस, "हाय आजी, बाय आजी." चार शब्द. सहा वर्षांच्या मुलीकडून दिवसाला चार शब्द, त्यातले दोन 'आजी'. मी तक्रार करत नाही. पण फोन ठेवला की मी पुन्हा घरभर फिरायला लागायची.

मग एक्केचाळिसावा फोटो आला.

आपल्या छताची गळती बंद करायला जो कारीगर आला होता, त्याने अर्धं काम करून उरलेली गिट्टी, म्हणजे बारीक खडी, टाकीमागे पसरून ठेवली होती. पावसाच्या आत येतो म्हणाला होता. कुठल्या पावसाच्या, ते सांगितलं नव्हतं. त्या सकाळी मी होल्यांचा फोटो घ्यायला वर गेले, तर टाकीमागून दोन पक्षी किंचाळत उठले. लांब पिवळे पाय, काळा गळा, डोळ्यांपुढे लाल कातडी. टिटव्या. मी दचकून पाय मागे घेतला आणि पाहिलं, चपलेपासून वीतभर अंतरावर गिट्टीत चार अंडी होती. मातकट, त्यावर काळे डाग. नजर जरा हलली की अंडी परत गिट्टी होऊन जायची.

चारही अंड्यांची निमुळती टोकं आतल्या बाजूला होती, जाड बाजू बाहेर. फोटो काढला, पण फोटोत नुसती गिट्टीच दिसली. मग मी जे केलं ते लिहायला मला अजून लाज वाटते. शाळेतल्या मुलींना मी किती वेळा सांगितलं असेल, घरट्याला हात लावू नका. आणि मी खाली जाऊन मऊ पेन्सिल आणली, प्रत्येक अंड्याच्या जाड बाजूला नंबर घातले, एक, दोन, तीन, चार, आणि चौघांना एका ओळीत नीट मांडलं. मग फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर टिटवीने माझी ओळ मोडून टाकली होती. टोकं परत आत, जाड बाजू बाहेर. एक, दोन, चार, तीन. नंबर तेवढे तिला पुसता आले नव्हते.

तो फोटो पाठवला तेव्हा छोटी, तू पळता पळता थांबलीस. नाक स्क्रीनला लावून वाचलंस. "वन, टू, फोर, थ्री. आजी, हे चुकलंय."

"मी नाही चुकले. तिने बदललं."

"का?"

त्या 'का'ला उत्तर द्यायला मला वीस मिनिटं लागली, आणि वीसही मिनिटं तू बसून होतीस. जाताना तुम्ही वाटणी केलीत. एक आणि दोन दादाचे, तीन आणि चार तुझे. दुसऱ्या दिवसापासून माझ्या फोनची वाट न बघता तूच फोन लावायला लागलीस. "आजी, आज किती?" "चार." "माझे?" "दोन." मग कावळे, पाली, तुझी शाळा, तुझा हललेला दात. सगळं मराठीतून, मधे मधे अडखळत. मी इंग्रजी शाळेत शिकले, आयुष्यभर इंग्रजीच शिकवलं, वहीसुद्धा इंग्रजीत ठेवते. तरी हे मराठीत लिहिते आहे, कारण तेव्हा आपण मराठीत बोलत होतो.

टिटवीची अंडी साधारण अठ्ठावीस दिवसांनी फुटतात असं मी वाचून काढलं. म्हणजे नौतप्यात, मे अखेरच्या त्या नऊ दिवसांत, जेव्हा इथे छतावर पाय ठेववत नाही. अठ्ठावीस दिवस ती चार अंडी टिकायला हवी होती. अंडी गेली तर तू परत पळत जाणार, हाय आजी, बाय आजी. हे मी कोणाला बोलून दाखवलं नाही. पण रात्री कुशीवर वळताना तेच डोक्यात यायचं.

बातमी दूधवाल्याने पसरवली. दूध मोजता मोजता वर चाललेला कलकलाट ऐकून म्हणाला, "माताजी, टिटहरी ने छत पे अंडे दिए? कितने?"

"चार."

"बस, फिर तो चार महीने पानी! और ऊँचे पे दिए हैं, मतलब जोर का पानी." त्याचं गावाकडे शेत आहे. तो स्वतः वर जाऊन मोजून आला, आणि त्याच्यामागून दोन दिवसांत अर्धी कॉलनी मोजून गेली. उलट नानाखेड्याहून आमच्या ओळखीच्या एक काकू आल्या, त्या चहा पुढे आला तरी कपाला हात लावेनात. "वहिनी, टिटवी घरावर ओरडणं बरं नाही हो. काहीतरी शांती करून घ्या."

त्या गेल्यावर आजोबा म्हणाले, "मराठीत अशुभ, हिंदीत शुभ. आपण कुठल्या भाषेत राहतो ते एकदा ठरवून टाक."

मला शुभाशुभाचं काही नव्हतं. मला एक फोटो हवा होता. भर उन्हात टिटवी पाण्यात बसून पोटाची पिसं भिजवते आणि तशीच जाऊन अंड्यांवर बसते, त्यांना गार करायला. कोपऱ्यावरच्या नळाच्या वॉल्व्हमधून पाणी गळतं, त्याचं डबकं साचतं, तिथून ती भिजून यायची. ते थेंब टपकणारं पोट मला तुमच्यासाठी टिपायचं होतं. छताच्या एकवीस पायऱ्या मी दिवसातून दहा-दहा वेळा चढायची. मी वर पाऊल टाकलं की दोघं उडायचे आणि डोक्यावर झेप घ्यायचे, म्हणून आजोबांचं स्कूटरचं हेल्मेट घालून जायची. मी टाकीआड बसून राहायची, ते आभाळात ओरडत राहायचे, अंडी उघडी पडायची. मग मीच घाबरून खाली यायची. खाली आलं की वाटायचं, आत्ताच ती ओली येऊन बसली असेल. परत वर.

"तिला अंडी उबवू दे की," आजोबा म्हणायचे. "तू बसणार आहेस का तिच्या जागी?"

बाराव्या दिवशी नळाला पाणी आलं नाही. उन्हाळ्यात इथे एक दिवसाआडच येतं. डबकं कोरडं, पारा चव्वेचाळीसवर, टिटवी चोच उघडी टाकून अंड्यांवर सावली करून उभी. मला राहवेना. मी कणकेची मोठी परात धुतली, पाणी भरलं आणि अंड्यांपासून चार हातांवर नेऊन ठेवली. तिची सोय होईल आणि माझा फोटोही.

टिटवी परातीकडे फिरकलीही नाही. तासाभराने कावळा आला. चोचीत पोळीचा वाळका तुकडा होता. परातीच्या काठावर बसून त्याने तो पाण्यात बुडवला, वर काढला, दाबून पाहिला, परत बुडवला. इतकं शहाण्यासारखं की मला हसू आलं. मी टाकीआडून फोटो घेत राहिले. एक, दोन, पाच, सात. टिटव्या माझ्या डोक्यावर घिरट्या घालत होत्या, कारण मी तिथे होते. कावळ्याने भिजलेली पोळी खाल्ली, मान वाकडी केली, गिट्टीत दोन उड्या मारल्या, आणि अंडं चोचीत धरून उडाला. मी ओरडले तेव्हा तो शेजारच्यांच्या डिश अँटेनापर्यंत पोचला होता.

तीन नंबर.

खाली येऊन आजोबांना सांगितलं. ते सुपारी कातरत होते. "कमाल आहे," म्हणाले. "पिंडाला शिवायला तासभर हात जोडावे लागतात, आणि इथे बिनबोलावता." मग माझ्या तोंडाकडे पाहून अडकित्ता खाली ठेवला आणि परात आणायला स्वतः वर गेले. गुडघे दुखत असताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातच्या आत मी चार वेळा ठरवलं की जुना फोटो पाठवावा. चारही अंडी असलेले फोटो ढिगाने होते. तुम्हाला काय कळणार होतं? पण वहीत वेळ लिहिली होती, जागा लिहिली होती, आणि शेऱ्याच्या रकान्यात मी आदल्याच दिवशी 'तीन' असं लिहून बसले होते. फोन वाजला.

"आजी, आज किती?"

"तीन."

"चार."

"नाही गं राणी. तुझं तीन नंबरचं कावळ्याने नेलं."

"तू कुठे होतीस?"

"तिथेच होते."

"मग?"

"मी कावळ्याचा फोटो काढत होते."

"आजी, सिरियसली?" मागून दादा म्हणाला. तुझी खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि स्क्रीनवर नुसती तुमची भिंत राहिली.

त्यानंतर दोन दिवस फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी मीच लावला, दादाने घेतला. "ती रागावलीये," म्हणाला. "ती म्हणते, आजीला वर जाऊ देऊ नका."

त्या दुपारी मी कॅमेऱ्यातले सगळे फोटो पुन्हा पाहिले. कावळ्याचे सात. सातव्यात परात, पोळी, कावळ्याची वाकडी मान, सगळं स्वच्छ. आणि कोपऱ्यात जरा अस्पष्ट अशी चार अंडी, ऊन लागलेली, वर कोणी नाही. मागच्या बारा दिवसांचे चाळले. प्रत्येक फोटोत अंडी उघडी. साहजिक होतं. मी तिथे असताना ती झाकलेली असणारच नव्हती.

मी कॅमेरा कपाटात ठेवला. छताच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली आजोबांच्या सदऱ्याच्या खिशात टाकली. "मी मागितली तरी द्यायची नाही."

"लिहून दे," आजोबा म्हणाले.

मी खरंच लिहून दिलं, आणि बरं झालं. पहिल्याच दिवशी मी तीनदा मागितली. तिन्ही वेळा त्यांनी खिशातून तो कागद काढून दाखवला.

संध्याकाळी तुमच्या आईच्या फोनवर निरोप पाठवला: मी आता वर जात नाही. फोटो येणार नाहीत. किती आहेत ते मलाही कळणार नाही. दुसऱ्या दिवशी साडेसातला फोन वाजला.

"मग तुला कसं कळणार?" ना हाय, ना काही.

"ऐकून."

"मला पण ऐकव."

मी जिना चढून गेले आणि फोन छताच्या बंद दाराला लावून धरला. पलीकडे टिटवी ओरडली. तूही ओरडलीस. तिने उत्तर दिलं की काय कोण जाणे, पण तू शपथेवर सांगितलंस की दिलं.

उरलेले तेरा दिवस आपलं असंच चाललं. सकाळी मी शेवटच्या पायरीवर बसायची आणि तुला सांगायची: आज आवाज बारीक आहे म्हणजे ती बसलेली आहे, आत्ता दोघं चिडलेत म्हणजे मांजर किंवा कावळा. तू विचारायचीस, "तीन असतील?" मी म्हणायची, "असतील." आवाज एकदम वाढला की माझा हात कुलपावर जायचा. एकदा तिथेच खूप वेळ बसले तर खालून आजोबा, "वर्गाबाहेर उभं केलंय का गं कोणी?"

वाळवणं त्या वर्षी छतावर गेलीच नाहीत. कुरडया व्हरांड्यात खाटेवर घातल्या, अर्ध्या चिमण्यांनी नेल्या. अंडी बघायला येणाऱ्यांना आजोबा दारातूनच परतवायचे. कारीगर, ज्याला वर्षभर फोन करून आजोबांचा आवाज बसला होता, तो नेमका त्याच आठवड्यात सिमेंट घेऊन उगवला. आजोबा फाटकाशी जाऊन म्हणाले, "भैया, अभी नहीं. छत पे किराएदार बैठे हैं." तो बिचारा किती तरी वेळ छताकडे बघत भाडेकरू शोधत राहिला.

नळ नसलेल्या दिवशी मी समोरच्या मोकळ्या प्लॉटच्या खड्ड्यात कूलरच्या टाकीतलं पाणी ओतायला लागले. छतापासून लांब, खाली. एकदा स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. टिटवी उतरली, खड्ड्यात बसली, बदकासारखी डुलली, आणि उठली तेव्हा तिच्या पोटाखालून पाण्याची धार लागली होती. कॅमेरा पलीकडच्या खोलीत. पोळी तव्यावर. मी हललेच नाही. पोळी जळली.

अठ्ठाविसाव्या दिवशी वरून वेगळाच आवाज आला, हळू, घशातल्या घशात. तू फोनवर ऐकलंस आणि कुजबुजलीस, "आजी, ती कोणाशी तरी बोलतेय."

एकोणतिसाव्या दिवशी पहाटे दोघं समोरच्या प्लॉटमध्ये उतरून छताकडे तोंड करून हाका मारायला लागले. टिटवीची पिल्लं पहिल्याच दिवशी चालतात, हे मी वाचलं होतं. पण छताला कठडा आणि खाली बारा फूट. पावसाचं पाणी जायला कठड्यात एक भोक आहे, तेवढीच वाट. मी आजोबांकडे पाहिलं. ते आत गेले आणि पाहुण्यांची गादी ओढत बाहेर आले. ती गादी मी कधी अंगणातसुद्धा नेऊ दिलेली नाही. ती त्यांनी त्या भोकाखाली मातीत टाकली, आणि मीच ती सरळ करून दिली.

आम्ही फाटकाबाहेर जाऊन उभे राहिलो. थोड्या वेळाने भोकातून काहीतरी पडलं, गादीवर उसळलं, उभं राहिलं आणि लांब पायांवर धावत प्लॉटमध्ये गेलं. "एक," आजोबा म्हणाले. मग दुसरं, ते गादी सोडून मातीत पडलं, पण तेही उठलं. मग कोणी नाही. ऊन चढत गेलं. नर दोघांना घेऊन गवतात गेला. मादी मात्र कठड्यावर, प्लॉटमध्ये, परत कठड्यावर अशी येरझारा घालत होती. मीही फाटकापासून भिंतीपर्यंत तेच करत होते.

आजोबांनी न मागता किल्ली पुढे केली.

तेरा दिवसांनी दार उघडलं. अंडी नव्हती, कवचंही नव्हती. कवचं ती उचलून लांब टाकते. मी हेल्मेट विसरले होते. मादीचा पंख कानावर बसला, डोळ्यांत पाणी आलं. मी गुडघ्यांवर बसून गिट्टी हाताने चाचपत पुढे सरकत गेले, आणि टाकीच्या सावलीत एक खडा मला टोचला नाही. तो मऊ होता. मी त्याला ओंजळीत उचललं. वजन असं काही नव्हतंच. दोन पाय मात्र माझ्या अंगठ्याला ढकलत होते. तशीच एकवीस पायऱ्या उतरले, मादी डोक्यावर ओरडत बरोबर. प्लॉटच्या कडेला ओंजळ जमिनीला टेकवली. ते क्षणभर तसंच बसलं, मग गवतातून हाक आली आणि ते गेलं.

हात दोन्ही भरलेले होते, म्हणून याचा फोटो नाही.

साडेसात वाजून गेले होते. घरात फोन वाजून वाजून थांबला होता. मी मातीच्या हातांनीच लावला.

"आजी, आज किती?"

"तीन. तिन्ही खाली उतरली. तिन्ही पळाली."

तू इतक्या जोरात ओरडलीस की आजोबा आतून आले. मग दादाने विचारलं, "यातलं माझं कुठलं?"

मी वहीकडे हात नेला आणि थांबले. वही काय सांगणार होती? "ते आता सांगता येणार नाही रे," म्हटलं. "नंबर मी अंड्यांवर घातले होते. पिल्लांवर काही नव्हतं."

"मग सगळी माझी," तू म्हणालीस.

"असं कसं? दोन माझी होती!"

"पण मी रोज ऐकलं. तू ऐकलंस?"

तुमचं भांडण बराच वेळ चाललं. आजोबांनी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. प्लॉटच्या गवतात टिटवी ओरडत होती, आणि मी खुर्चीत बसून होते. किती वेळ, ते त्या दिवशी घड्याळात पाहायचं राहून गेलं. वहीत वेळेचा रकाना रिकामा आहे.